शून्य प्रलंबित

केशोराव पुस्तोड्यांना उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीचं बक्षीस मिळालं, आणि आज त्याच गोष्टीची त्यांना ओकारी येते. अर्जुनी मोरगावच्या ऑफिसात, त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, ते प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत अजून लटकलेलं आहे. 'सलग तीन वर्षे शून्य प्रलंबित तक्रारी.' खाली सोनेरी शिक्का. आणि शिक्क्याच्या खाली, भिंतीवर, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्यांचे तांबडे ओघळ. केशोरावांचा वरचा साहेब हिमांशु बोलता बोलता मान वळवून तिथेच थुंकायचा. गोंदियाहून महिन्यातून दोनदा यायचा, पण खूण कायमची ठेवून जायचा. त्याला कोणी काही म्हणत नसे. केशोरावही नाही.

ऑफिस एका एजन्सीचं. जंगलातल्या टोल्याटोल्यांवर, म्हणजे पाड्यापाड्यांवर, फिरतं औषधपथक नेण्याचं काम एजन्सीकडे होतं. पथक म्हणजे तरी काय, तिघं. मंजू पटले ही तिरोड्याकडची नर्स, रुख्मा ही टोल्यावरचीच मदतनीस, आणि घनश्याम ड्रायव्हर. त्यांना नेमून दिलेली एक जुनी व्हॅन होती. तिला पथकात चौथी धरायची तर धरा, पण मग सगळ्यांत आजारी तीच होती. त्या रस्त्यांना मोहफुलांच्या दिवसांत अस्वलं, पावसाळ्यात नाले, आणि बारा महिने मोबाइलला रेंज नाही. अशा ठिकाणी माणसं ज्या गाडीतून जातात, तिच्याबद्दल त्यांचं काही म्हणणं असलं तर ते ऐकायला एजन्सीनं एक माणूस नेमला होता. तो माणूस म्हणजे केशोराव.

ऐकणं कसलं! एक जाड रजिस्टर होतं. डाव्या बाजूला कामावरच्या माणसानं तक्रार लिहायची, उजव्या बाजूला केशोरावांनी लाल पेनानं निवारण लिहायचं. बहात्तर तासांच्या आत. गाडीची दुरुस्ती बहात्तर तासांत होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण वाक्य बहात्तर सेकंदांत होतं, हे केशोरावांना पहिल्याच महिन्यात कळलं. 'चालकास समज देण्यात आली.' 'बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणण्यात आली.' 'योग्य ती व्यवस्था करण्यात आली.' त्यांच्या वाक्यांत काम झालेलं असायचं, पण ते करणारा माणूस शोधून सापडायचा नाही. शेवटी ठसठशीत अक्षरात 'निकाली', आणि त्याखाली दोन रेघा.

अक्षर मोत्यासारखं. बी.ए. झालेला माणूस, अठरा वर्षं राईस मिलमध्ये दिवाणजी. मिल बंद पडली तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि हे काम मिळालं ते अक्षराच्याच जोरावर. हिमांशु तर उघड म्हणायचा, "केशोरावजी, आपकी कलम में जादू है. सब निपट जाता है."

केशोरावांना ते ऐकून बरं वाटायचं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

जातीनं कोहळी. कोहळ्याला गाव विचारा, तो आधी तलाव सांगतो. केशोरावांचा बोंडेटोल्याचा तलाव त्यांच्या खापरपणज्यानं बांधलेला. ना सिमेंट, ना लोखंड, नुसती माती आणि माणसांचे पाय. आजा उमराव पाटील त्या तलावाचा कारभारी होता. धोतर खोचून, हातात काठी घेऊन पाळीवर बसायचा. पाळ म्हणजे तलावाचा बांध, गावच्या तोंडी 'पार'. लहान केशोला त्यानं दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक होती तुडुमाची गाठ. तुडुम म्हणजे पाळीच्या पोटातून शेताला पाणी सोडायची मोरी. तिच्या लाकडी दट्ट्याला अंबाडीचा दोर बांधायचा, तो एका खास गाठीनं. ही गाठ कोरडी असताना साधी दिसते, पण पाण्यात भिजली की अशी आवळते की बैल लावला तरी सुटत नाही. दुसरी गोष्ट नियमाची. तलाव भरून जादा पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, वाहायला लागलं की पाळीवर गाडी न्यायची नाही. बैल सोडायचे, सामान डोक्यावर घ्यायचं आणि माणसांनी पायी जायचं. मग गाडी पाटलाची असो की पाहुण्याची.

केशोरावांना गाठ लक्षात राहिली. नियम ते सोयीनं विसरले.

गाठीचा उपयोग आधी झाला, दोन वर्षांपूर्वी. व्हॅनच्या बाजूच्या सरकत्या दाराची कडी तुटली होती. गचका बसला की चालत्या गाडीत दार आपोआप उघडायचं. रुख्माला लिहिता येत नव्हतं. तिनं मंजूकडून तक्रार लिहून घेतली आणि खाली अंगठा उमटवला. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, तर ती स्वतः टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाबूजी, दार उघडून राहिलं जी. मागं अस्वल होती तवा बी उघडलं. एखाद्या दिवशी मी पडन."

"लिवलं ना? मग होते," केशोराव म्हणाले.

कडी गोंदियाहून येणार होती, ती आली नाही. दोनदा विचारल्यावर हिमांशु फोनवर चिडला. "अरे, रस्सी से बाँध दो यार. दरवाज़ा ही तो है." केशोरावांनी घरून अंबाडीचा दोर आणला, दाराची मूठ आणि सीटचा लोखंडी पाय दोरानं आवळले, आणि वर तुडुमाची गाठ मारली. दार जे बसलं ते बसलंच. त्या दिवसापासून रुख्मा मागचं झाकण उघडून, खोक्यांमधून वाकून आत शिरायची. झाकण बाहेरूनच उघडायचं. बाजूच्या काचा पक्क्या बसवलेल्या, न उघडणाऱ्या. पुढच्या सीटमागे औषधांच्या पेट्या अडवायला लोखंडी जाळी होती, म्हणजे तिकडूनही वाट नव्हती. एका बाईला अशा पिंजऱ्यात कोंबून केशोरावांनी लाल पेनानं लिहिलं, 'दाराची व्यवस्था करण्यात आली. निकाली.' आणि घनश्यामला गाठ ओढून दाखवली. "पाहून घे. उमराव पाटलाची गाठ हाये ते. सुटली तर माहं नाव बदलून टाक."

त्याच वर्षी प्रमाणपत्र मिळालं.

यंदा श्रावणातच तलाव तुडुंब भरले. तोवर पथक मोठ्या रस्त्यानं वळसा घालून टोल्यांवर जायचं. एक दिवस हिमांशुनं मोबाइलवरचा नकाशा केशोरावांच्या नाकाखाली धरला. बोंडेटोल्याच्या पाळीवरून एक बारीक पांढरी रेघ गेली होती.

"इधर से आधा रास्ता बचता है. कल से यही रूट."

"ते रोड नाही जी, तलावाची पार आहे," केशोराव म्हणाले.

"मॅप में रोड है तो रोड है." तो भिंतीकडे वळला आणि थुंकला. केशोरावांनी नवा मार्ग लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी मंजूची तक्रार आली. मुलगी नेमकं लिहायची, आणि तेच केशोरावांना तिचं आवडायचं नाही. तिनं लिहिलं होतं: 'पाळीच्या मागच्या बाजूचा मुरूम कोणीतरी खोदून नेला आहे. तिथे भेग पडली आहे. मी हात घालून पाहिला, मनगटापर्यंत जातो. सांडवा वाहत आहे. गाडी जुन्या रस्त्याने न्यावी. ते जमत नसेल तर आम्हाला पाळीच्या अलीकडे उतरू द्यावे, आम्ही पायी पलीकडे जाऊ. मात्र त्यासाठी हजेरी कापू नये.'

हजेरीचं असं होतं की ती मोबाइलवर, रेंज नसली तरी उपग्रहावरून, लागायची, आणि फोन व गाडी एकाच जागी दिसली तरच. मध्येच उतरून चाललं की नावापुढे लाल खूण पडायची. तीन लाल खुणा झाल्या की काम गेलं. हा नियम ज्यानं काढला तो कुठल्या तरी थंडगार खोलीत बसला असेल, आणि आयुष्यात कधी पाळीवरून चालला नसेल.

पण केशोराव चालले होते. मंजूनं जे मागितलं होतं ते शब्दाशब्दानं उमराव पाटलाचंच म्हणणं होतं. परक्या गावची पोरगी न शिकता तिथवर पोचली होती. आणि मुरूम कोणी नेला हेही त्यांना ठाऊक होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी रस्त्याच्या ठेकेदाराचा जेसीबी पाळीचं मागचं अंग ओरबाडत होता, तेव्हा केशोराव आपल्या स्प्लेंडरवरून तिथूनच गेले होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. कोण भांडण ओढवून घेणार?

हे सगळं माहीत असलेल्या माणसानं काय करावं? त्यांना राग आला. 'भेग' या शब्दाचा राग आला. खापरपणज्याच्या पाळीला भेग!

"मंजू, तू कोनाले शिकवून राहिली?" त्यांनी तिला टेबलासमोर उभं करून विचारलं. "माह्या घरच्यायनं बांधली ते पार. हत्ती नेला तरी हालनार नाही."

"हत्तीची तक्रार नाही, काकाजी. गाडीची आहे." मंजूचा आवाज चढला नाही. "तुम्ही एकदा येऊन हात घालून पाहा. नाही गेला मनगटापर्यंत, तर मी लिहिलेलं खोडते."

केशोराव गेले नाहीत. त्यांनी तिच्यादेखत लाल पेन उघडलं. 'पाळ पूर्वजांनी बांधलेली असून भक्कम आहे. तक्रार निराधार. निकाली.' दोन रेघा मारल्या. मंजूनं ते उलटं वाचलं आणि निघून गेली.

घरी जेवताना त्यांनी ही गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगितली. त्यांची बायको अनुसयाबाई ताटात भात वाढत होती. तिचा हात थांबला.

"सलंग वाहून राहिला का नाही?"

"वाहून राहिला. मंग?"

"मंग आज्यानं काय सांगतलं होतं? मी ह्या घरात आली तवा म्हातारा मलेच सांगून गेला, तुमाले नसन सांगतलं का?" तिनं भाताचं भांडं खाली ठेवलं. "त्या पोरीयले उतरू द्या ना चालत. तुमचं काय जाते?"

"कागदावर लिवून झालं आता."

"कागद का तुमचा बाप आहे?"

तरी ते उठले नाहीत, आणि सकाळी ऑफिसला जाण्याआधी पाळीवरही गेले नाहीत. हेही सांगून टाकलेलं बरं.

त्या सकाळी दहाच्या सुमारास बोंडेटोल्याहून फोन आला. केशोराव पोचले तेव्हा अख्खं गाव पाळीवर होतं, आणि ट्रॅक्टरनं व्हॅन नुकतीच पाण्याबाहेर ओढली होती. गाडीतून चिखलाचं पाणी गळत होतं, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं गाळात पसरली होती. गावातल्या बायांनी आणलेल्या लुगड्याखाली रुख्मा होती.

कसं झालं ते मंजूनं सांगितलं. ती भिजलेली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत सोललेले, आणि ती केशोरावांकडे न पाहता सांगत होती. पाळीच्या अलीकडे ती गाडीतून उतरली. लाल खूण पडली तर पडू दे म्हणाली. मागचं झाकण उघडून तिनं रुख्मालाही उतर म्हटलं. रुख्माच्या नावापुढे आधीच दोन खुणा होत्या, दोन्ही नाल्याला पूर आला त्या दिवसांच्या. ती म्हणाली, "तू जा बाई, तुले दुसरं काम भेटन. माहं नाव कटलं तर मले कोन इचारते?" मंजूनं झाकण लावलं आणि गाडीच्या मागे चालू लागली. अर्ध्या पाळीवर खोदलेल्या बाजूचं पुढचं चाक खचलं. घनश्याम घाबरला, त्यानं गाडी मागे घेतली, आणि मागची चाकं तलावाच्या अंगानं घसरली. गाडी मागच्या बाजूनं पाण्यात बसली. झाकण गाळात रुतलं. घनश्याम खिडकीतून निघाला. दोघांनी मिळून बाजूचं दार ओढलं.

"दार हाललं बी नाही," घनश्याम म्हणाला. "आतून ते गाठ सोडून राहिली होती. काचातून दिसत होती जी. मी इळा आनाले धावलो."

मंजू म्हणाली, "नखात अंबाडीचे धागे आहेत तिच्या." एवढंच म्हणाली.

विळ्यानं कापलेला दोर दाराला तसाच लोंबत होता. गाठ शाबूत होती. कुठेही ढिली झाली नव्हती. केशोरावांनी ती पाहिली आणि ते पाळीच्या खोदलेल्या कडेला गेले. भेग तिथेच होती. त्यांनी हात घातला. मनगटापर्यंत गेला, आणि आणखी पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी हिमांशु आला. डोळ्यांत पाणी नव्हतं, तोंडात खर्रा होता. त्यानं दार लावून घेतलं आणि रजिस्टर पुढे ओढलं. मंजूची तक्रार वाचताना त्याचं तोंड वाईट झालं, पण रुख्माची वाचून त्याला हायसं वाटलं.

"ये बढ़िया है. 'व्यवस्था करण्यात आली.' किसने की, लिखा ही नहीं." तो हसला. खरंच हसला. "दरवाज़ा ड्रायव्हर की ज़िम्मेदारी. रस्सी घनश्याम ने बाँधी. गाड़ी भी वही चला रहा था. पुलिस ने बिठा ही रखा है उसको. परसों जाँच में आपको बस इतना बोलना है. और मंजू की तक्रार के नीचे एक लाइन बढ़ा दो, कि उतरकर जाने की सूचना दी थी. जगह है ना?"

जागा होती. दोन रेघांच्या वर बोटभर जागा होती. केशोरावांनी दरवेळी रेघा मारताना ती जागा सोडली होती, असंच कधी तरी उपयोगी पडावी म्हणून. ते पाहून त्यांना हिमांशुची जितकी किळस आली, त्याहून जास्त स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षराची आली. सात वर्षांची पानं त्यांनी उलटली. ब्रेक लागत नाही, निकाली. टायर गुळगुळीत, निकाली. रस्त्यात अस्वल, दार बंद होत नाही, निकाली. एका पानावर घामाचा हात लागून लाल शाई फिसकटली होती. तेवढं एकच पान त्यांना माणसानं लिहिलेलं वाटलं.

"क्या सोच रहे हो?" हिमांशु म्हणाला. "आपकी भी नौकरी है, मेरी भी." आणि तो भिंतीकडे वळून थुंकला.

"तिकडं थुकू नको," केशोराव म्हणाले.

हिमांशुला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यानं पेन त्यांच्या हातात दिलं आणि गेला. केशोरावांनी ती बोटभर जागा कोरीच ठेवली. पण जाँच, म्हणजे चौकशी, अजून व्हायची होती, आणि एक ओळ न लिहिणं ही काही मोठी मर्दुमकी नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. घनश्याम पोलिसांच्या ताब्यात होता. त्याची बायको अनुसयाबाईकडे येऊन ओट्यावर बसून गेली होती. ती काहीच मागायला आली नव्हती. नुसती बसली आणि गेली.

चौकशी एका सरकारी हॉलात झाली. चौकशीला आलेले साहेब वयानं लहान होते, पण घाईत नव्हते. टेबलावर त्यांनी रजिस्टर ठेवलं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दोर काढून ठेवला, गाठीसकट. समोर एका बाकावर हिमांशु आणि केशोराव, दुसऱ्या बाकावर मंजू, दोन्ही हातांना पट्ट्या. घनश्याम हवालदाराजवळ उभा.

"ही गाठ तू मारली?" साहेबांनी घनश्यामला विचारलं.

घनश्यामनं केशोरावांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. त्याला बहुधा हिमांशुचा निरोप पोचला होता.

"ड्रायव्हर ने ही बाँधी है, सर," हिमांशु पुढे सरकून म्हणाला. "केशोरावजी बता देंगे."

साहेबांनी पिशवीतला कापून उरलेला दोराचा तुकडा घनश्यामपुढे धरला. "मग अशीच मारून दाखव."

घनश्यामनं दोर घेतला. त्यानं एक फास केला, दुसरा केला, तो सुटला. तिसऱ्यांदा त्याची बोटं नुसतीच दोरावर फिरत राहिली. बिचारा छत्तीसगडच्या सीमेकडचा, तलावाशी त्याचा संबंध मासे खाण्यापुरता. हिमांशु केशोरावांच्या गुडघ्याला हळूच गुडघा लावत होता.

केशोराव उठले.

"त्याले नाही येनार जी," ते म्हणाले. "हे तुडुमाची गाठ आहे. कोहळ्याच्या घरी शिकवतात. माह्या आज्यानं मले शिकवली. द्या इकडं."

त्यांनी दोर घेतला. आयुष्यात ह्या एका कामाला त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता, आणि तो आताही करावा लागला नाही. दोन वेढे, एक खालून, एक उलटा, आणि ओढ. साहेबांनी ती गाठ पिशवीतल्या गाठीशेजारी धरून पाहिली. मग त्यांनी टेबलावरची बाटली उघडली, नवी गाठ बशीत ठेवली आणि वर पाणी ओतलं. बाटली रिकामी होईपर्यंत ओतलं.

"आता सोडून दाखवा."

"सुटत नाही, साहेब," केशोराव म्हणाले. "भिजल्यावर सुटत नाही म्हनूनच मारतात."

"तरी पाहा."

केशोरावांनी गाठ हातात घेतली. नखं रुतवली. अंगठ्यानं दाबली, वळवली, दातांशी नेली आणि परत खाली आणली. घड्याळात किती वेळ गेला कोण जाणे. मंजू सगळा वेळ त्यांच्या बोटांकडे बघत होती. शेवटी त्यांचे हात थांबले. गाठ होती तशीच होती, आणि त्यांच्या नखांत अंबाडीचे धागे अडकले होते.